पैसा अंधारात, रेघ आमच्या बोळातून



या अंकाचं संपादकीय नरडाण्याच्या फलाटावर बसून लिहितोय. धुळ्याला खोली आहे, टेबल आहे, पंखाही आहे. पण जे लिहायचंय ते या बाजूला घडलं आणि त्यात निम्मा दोष आपला आहे, म्हणून इथं येऊन लिहिणं भाग पडलं. समोर सुरत-भुसावळ रूळ. मागं मुंबई-आग्रा हायवेवर ट्रकांची रांग. एमआयडीसीची पाळी सुटलीय, पोरं डबे घेऊन गाडीची वाट बघतायत. त्यांतली चारपाच आपल्या अंकाची वाचक आहेत. त्यांना तोंड दाखवायचंय, म्हणून सरळ सांगतो.

नरडाण्याहून सायकलवर जाता येईल अशा एका गावात यंदा ग्रामपंचायतीच्या प्रभागांचा आराखडा लागला. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर भोगायला तिथली बायामाणसं आहेत, मी नाही. आराखड्यात एक जाड रेघ होती. ती भीमनगरच्या मधल्या बोळातून गेलेली. वरची आळी एका प्रभागात, खालची आळी दुसऱ्या प्रभागात. काल-परवापर्यंत सारी वस्ती एका प्रभागात होती. तिथून आपला माणूस निवडून यायचा. कधी बरा, कधी दारुडा, पण आपला. त्याच्या दारावर लाथ मारून नळाला पाणी का नाही असं विचारता यायचं. आता दोन्हीकडे आपण शेपटाला. एका म्हातारीनं मला विचारलं, "आमनं घर आते कोणता वार्डमां गयं?" तिची चूल एका प्रभागात आणि तिच्या पोराची चूल दुसऱ्या प्रभागात.

समाजमंदिरात बैठक झाली. हरकतीचा मसुदा मीच केला. वस्ती तोडू नये असं निवडणूक आयोगाच्या सूचनांतच लिहिलेलं असतं, तेही टाकलं. सह्या झाल्या, अंगठे झाले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज तालुक्याला पोचवायचा होता. जबाबदारी मंडळाच्या सेक्रेटरीवर. तो माझा दोस्त. कंत्राटी कामगार. मोर्च्यात माझ्यापेक्षा त्याचा आवाज मोठा.

अर्ज गेला नाही.

नंतर कळलं, त्याच आठवड्यात मंडळाकडं पंचवीस हजार रुपये आले होते. जयंतीसाठी. आणणाऱ्यानं एवढंच सांगितलं, की पावती फाडू नका आणि नाव लिहू नका, दान गुप्त असावं. पैसे कुणाचे हे गावात सगळ्यांना माहीत. मी दोस्ताला धरलं. म्हटलं, त्यानं हरकत टाकू नका असं सांगितलं का? दोस्त खाली बघत म्हणाला, "त्यानी काहीज मांगं नही भो. मी बी काहीज बोलनू नही."

तो खोटं बोलत नव्हता. कुणी काही मागितलं नव्हतं, कुणी काही कबूल केलं नव्हतं. फक्त अर्ज गेला नाही. आता कोर्टात जा आणि सिद्ध करा, की त्या पंचवीस हजारांचा आणि त्या रेघेचा संबंध आहे!

मित्रांनो, साऱ्या देशाचं राजकारण या एका वाक्यावर उभं आहे. काही मागितलं नाही. मग देतात कशाला?

२ जानेवारी २०१८ रोजी केंद्र सरकारनं इलेक्टोरल बाँडची योजना जाहीर केली. स्टेट बँकेत जायचं, एक हजारापासून एक कोटीपर्यंतचा बाँड घ्यायचा आणि आवडत्या पक्षाला द्यायचा. पक्षानं तो पंधरा दिवसांत वटवायचा. देणाऱ्याचं नाव जनतेला कळणार नाही. त्याआधी, २०१७ च्या वित्त विधेयकात, कंपन्यांवरची मर्यादाही काढून टाकली. तोवर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांवर देणगी देता येत नव्हती. आता कितीही द्या, तोट्यात असलात तरी द्या आणि कुठल्या पक्षाला दिली ते हिशेबात सांगूही नका. धन विधेयक म्हणून आणलं, म्हणजे राज्यसभेला अडवायची सोय नाही. रिझर्व्ह बँकेनं हरकत घेतली, निवडणूक आयोगानं हरकत घेतली. त्यांचेही अर्ज कुठंतरी पडून राहिले. बँकेची आणि आयोगाची ही गत, मग भीमनगरच्या अर्जाचं काय घेऊन बसलात!

योजना जाहीर होऊन वीस दिवस झाले होते. २२ जानेवारी २०१८ रोजी याच शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील मंत्रालयात विष प्याले. वय ८४. वीजप्रकल्पासाठी पाच एकर जमीन गेली आणि मोबदला मिळाला चार लाखांच्या आसपास. दारोदार फिरले, अर्ज केले, साहेबांना भेटले. २८ जानेवारीला गेले. ते आपल्या जातीचे नव्हते. त्यानं काय फरक पडतो? सरकारशी बोलायचे दोन रस्ते त्या एकाच महिन्यात मला दिसले. एका रस्त्यानं माणूस स्टेट बँकेत जातो आणि त्याचं नाव सरकार झाकून ठेवतं. दुसऱ्या रस्त्यानं माणूस मंत्रालयाच्या दारात जातो आणि तो मेल्यावर त्याचं नाव छापून येतं.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी ही योजना एकमतानं घटनाबाह्य ठरवली. मत देणाऱ्याला माहिती असण्याचा हक्क आहे, असं म्हणाले. मग स्टेट बँकेला यादी द्यायला ३० जूनपर्यंत वेळ हवा होता. म्हणजे लोकसभेची निवडणूक आटोपल्यावर. कोर्टानं ११ मार्चला दम दिला आणि १४ मार्चला यादी लोकांसमोर आली. आपला पगार चार दिवस उशिरा झाला तर बँक हप्ता चुकल्याचा दंड त्याच दिवशी लावते. तीच बँक यादी काढायला चार महिने मागत होती.

एकूण साडेसोळा हजार कोटींचे बाँड विकले गेले होते. रकमेच्या नव्वद टक्क्यांहून जास्त बाँड एकेक कोटीचे. म्हणजे हजार रुपयांचा बाँड साध्या माणसासाठी होता ही नुसती शोभा. छापलेल्या यादीत सर्वांत मोठी गिऱ्हाईक निघाली लॉटरीचा धंदा करणारी फ्युचर गेमिंग. १,३६८ कोटी. सर्वांत मोठा वाटा गेला भाजपला, सहा हजार कोटींच्या वर. पण काँग्रेसनं घेतले, तृणमूलनं घेतले, प्रादेशिक पक्षांनीही घेतले. ज्याच्या हातात जिथली सत्ता, त्याच्या झोळीत तिथलं दान. कम्युनिस्टांनी मात्र बाँड घेतले नाहीत, हे नोंदवून ठेवतो. मार्क्सवादी पक्ष तर या योजनेविरुद्ध कोर्टात गेला होता.

कुणी म्हणेल, हे दिल्लीचं पाप आहे. नाही. याची मुळं आपल्या मुंबईत आहेत. १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीला आपल्या घटनेत बदल करून राजकीय पक्षांना पैसा द्यायची मोकळीक हवी होती. प्रकरण मुंबई हायकोर्टात छागलांपुढं आलं. कायद्यात अडसर नव्हता म्हणून त्यांनी परवानगी दिली. पण देता देता बजावलं, की यातून लोकशाहीचा गळा घोटला जाईल, संसदेनं वेळीच बघावं. संसदेनं काय केलं? १९६० साली मर्यादा घातली. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदीच घातली. १९८५ साली बंदी उठवली. २०१७ साली मर्यादाही उठवली. बंदी होती तेव्हाही पैसा थांबला नव्हता, तो काळा होऊन येत होता. पुढं कायदाच असा केला, की काळं करायची गरज उरू नये.

आणि अंतुले आठवा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, म्हणून सांगतो. १९८०-८१ साली महाराष्ट्रात सिमेंट रेशनवर होतं. घर बांधायला एक गोणी मिळवायची तर कचेरीत चपला झिजायच्या. त्याच वेळी बिल्डरांना कोटा मिळत होता आणि त्यांच्या देणग्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानमध्ये पडत होत्या. मुख्यमंत्र्यांनीच काढलेला ट्रस्ट. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या बिलातूनही टनामागं पैसे कापले जात होते. जानेवारी १९८२ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला, की देणगीचा आणि सिमेंटच्या कोट्याचा संबंध आहे. अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली. पुढं खटले सुप्रीम कोर्टापर्यंत रेंगाळले, शिक्षा काही झाली नाही आणि अंतुले केंद्रात मंत्रीही झाले. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. लेंटिन संबंध जोडू शकले, कारण देणगीची नोंद होती. नाव होतं, रक्कम होती, तारीख होती. तारखा शेजारी शेजारी मांडल्या आणि गणित सुटलं. बाँडवाल्यांनी अंतुल्यांच्या प्रकरणातून धडा घेतला असेल तर तो एवढाच, की पैसा घ्या पण नाव-तारखेची जोडी लोकांच्या हाती लागू देऊ नका.

आता रेघेकडं येतो.

नरडाणा शिंदखेडा विधानसभेत आणि धुळे लोकसभेत. हायवेनं उत्तरेला निघालात की तापीचा पूल लागतो. पूल ओलांडला की शिरपूर. जिल्हा तोच, कलेक्टर तोच, पण खासदार वेगळा. शिरपूर आणि साक्री नंदुरबार लोकसभेत आहेत. उलट दक्षिणेला नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव आणि बागलाण आमच्या धुळ्यात आहे. २००८ च्या पुनर्रचनेनं हे झालं. त्याआधी धुळे लोकसभा आदिवासींसाठी राखीव होती. २००४ साली बापू हरी चौरे इथून गेले. २००८ नंतर धुळे खुला झाला आणि शिरपूर विधानसभा राखीव झाली. जळगावकडं एरंडोल लोकसभा पुसली, रावेर आली. चोपडा आदिवासींसाठी राखीव झाला, भुसावळ अनुसूचित जातींसाठी. माणसं वाढतात, हलतात, तेव्हा रेघा बदलाव्याच लागतात. त्याला माझा विरोध नाही. माझा प्रश्न आहे, पेन्सिल कुणाच्या हातात आणि त्या खोलीत बसलंय कोण?

रेघेत काय ताकद असते ते २०२४ साली इथंच दिसलं. धुळे लोकसभेत भाजपचे भामरे सहापैकी पाच विधानसभांत पुढं होते. सहावं मालेगाव मध्य. तिथल्या आघाडीवर काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. रेघ शेजारच्या गल्लीतून गेली असती तर खासदार दुसरा असता. निकालानंतर 'व्होट जिहाद' म्हणून शिव्या मात्र मालेगावच्या विणकरांनी खाल्ल्या. मालेगाव धुळ्याला काय त्या विणकरांनी जोडलं होतं?

लोकसभा-विधानसभेची पुनर्रचना करणारा आयोग असतो. अध्यक्ष सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती, आजी किंवा माजी. त्यांच्या मदतीला प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहसदस्य म्हणून बसतात. त्यांना मत नसतं, पण खुर्ची असते, नकाशा समोर असतो, तोंड उघडायची मुभा असते. आयोगाच्या आदेशाला कायद्याचं बळ आणि कोर्टात आव्हान द्यायला बंदी. २०२४ साली सुप्रीम कोर्टानं एवढी फट ठेवली, की उघड मनमानी असेल तर कोर्ट बघेल. तो खटला याच रुळावर पुढं असलेल्या गुजरातच्या बारडोलीचा होता. म्हणजे दार बंदच, फक्त कडी किंचित सैल.

आता जोडा. त्या खोलीत बसणारे आमदार-खासदार निवडून कशावर येतात? उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. पक्षाची थैली भरणारा अंधारात, त्या थैलीवर निवडून आलेला माणूस नकाशाच्या खोलीत आणि त्या खोलीतून निघालेल्या रेघेवर कोर्टाचं दार जवळजवळ बंद. लाच दिली असं कुणी म्हणू शकत नाही. कुणी काही मागितलेलं नसतं.

गावाशहरांत तर एवढाही आडपडदा नाही. आपल्या राज्यातल्या महापालिकांचे प्रभाग बघा. २००२ साली तीन नगरसेवकांचा प्रभाग. २००७ साली एकाचा. २०१२ साली दोघांचा. २०१७ साली चौघांचा. मग पुन्हा एकाचा ठरवला, २०२१ साली तो तीनचा केला, सरकार पडलं आणि पुन्हा चारचा. मुंबई तेवढी एकाच्या प्रभागावर राहिली, पण तिथंही वॉर्ड २२७ चे २३६ झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा २२७. हे काय लोकसंख्येमुळं झालं? माणसं काय दर पाच वर्षांनी उड्या मारतात? ज्याचं राज्य त्याची फूटपट्टी. मार्च २०२२ मध्ये तर प्रभाग आखायचं काम राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारनं स्वतःकडं घेतलं. कारण सांगितलं ओबीसी आरक्षणाचं. ओबीसींचं आरक्षण मिळालंच पाहिजे, त्यासाठी आपणही रस्त्यावर होतो. पण त्या आडून पेन्सिल सरकारच्या खिशात गेली, आणि विधेयक एकमतानं मंजूर झालं. सत्ताधारी एकमत, विरोधक एकमत. दलितांवरच्या अत्याचारांच्या चर्चेला सभागृहात कोरम भरत नाही. पेन्सिल पळवायला मात्र दोन्ही बाकं भरली होती.

चारचा प्रभाग आपल्याला काय करतो ते सोपं आहे. एका नगरसेवकाचा वॉर्ड असला की आपली एक मोठी वस्ती तो वॉर्ड हलवू शकते. चौघांच्या प्रभागात तीच वस्ती पाण्यातल्या मिठासारखी विरते. राखीव जागा राहते, पण ती जिंकायला चौपट मतदारांपर्यंत पोचावं लागतं. चौपट मतदार म्हणजे चौपट गाड्या, चौपट पत्रकं, चौपट पैसा. तो आपल्या पोराकडं कुठून येणार? मग तो जातो पॅनेलवाल्याकडं. पॅनेलवाला बिल्डरच्या पैशावर. निवडून येतो आपलाच माणूस, आपल्याच आडनावाचा, आणि झोपडपट्टी उठवायच्या ठरावावर हात वर करतो. आपण म्हणतो समाजाचा गद्दार. गद्दार तो आहेच. पण ती गद्दारी प्रभाग आखतानाच आखलेली असते.

ही कळ जुनी आहे. १९३२ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मिळवला होता. पुण्यात उपोषणाचा फास आवळून तो काढून घेतला. बदल्यात जागा दिल्या, ७१ च्या १४८ केल्या. जागा दुप्पट, पण त्या जागेवर कोण बसायचं ते ठरवणारे दुसरे. परिणाम बाबासाहेबांनी स्वतःच्या अंगावर झेलला. घटना लिहिणारा माणूस १९५२ साली उत्तर मुंबईत पडला, १९५४ साली भंडाऱ्यात पडला. संविधान सभेत त्यांनी इशारा दिला होता, की राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि मताला सारखी किंमत मिळेल, समाजात मात्र माणसाला सारखी किंमत मिळणार नाही, आणि हा विरोध मिटवला नाही तर सारी इमारत उडेल. आज मी तुम्हांला सांगतो, राजकारणातली ती सारखी किंमतसुद्धा उरलेली नाही. मत एकच, पण रेघेच्या अलीकडं त्याची किंमत रुपया आणि पलीकडं चार आणे.

हा रोग एकट्या आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत २०१० साली रिपब्लिकनांनी हिशेब मांडून राज्यांच्या विधिमंडळांत पैसा ओतला. रेडमॅप असं त्या मोहिमेचं नावच होतं. विधिमंडळं जिंकली, नकाशे हातात आले. २०१२ साली प्रतिनिधीगृहाला डेमोक्रॅटांना चौदा लाखांच्या आसपास मतं जास्त पडली, आणि जागा? रिपब्लिकन २३४, डेमोक्रॅट २०१. तिथल्या काळ्यांच्या वस्त्या कशा चिरल्या आणि कशा एकाच टोपलीत कोंबल्या हे वाचलंत तर भीमनगरचा बोळ आठवेल. फरक एवढाच, की तिथं ते उघड शास्त्र झालंय, आपल्याकडं अजून गुप्त दान आहे.

आता आपल्या अंगणात या. इथं मला जास्त लाज वाटते.

वीस हजारांच्या आतल्या देणगीदाराचं नाव पक्षाला सांगावं लागत नाही. आपल्या समाजाच्या जिवावर वाढलेला बहुजन समाज पक्ष वर्षानुवर्षं लिहून देतो, की वीस हजारांच्या वर आम्हांला एकही देणगी नाही. गरीब कार्यकर्त्यांनी पै-पै दिली म्हणतात. दिली असेल. मग त्या गरिबाचं नाव छापायला लाज कसली? आपल्या आयाबायांनी पोत विकून दिलेल्या पैशाची यादी भिंतीवर लागली तर त्यांची मान ताठ होईल. आणि रिपब्लिकन गटांबद्दल काय बोलायचं? एकेका नेत्याचा एकेक गट, एकेका गटाचा एकेक शेठ.

आणि हा अंक? मागच्या जयंती विशेषांकाच्या शेवटच्या पानावर 'एक हितचिंतक' असं छापलं होतं. छपाईचं निम्मं बिल त्यानं भरलं. तो कोण हे मला माहीत होतं, तुम्हांला नव्हतं. तो रस्त्याचा ठेकेदार आहे. त्यानं काही मागितलं नाही. त्या वर्षी या भागात रस्त्याच्या कामावर बायांना मजुरी कमी मिळत होती. तशी दोन पत्रं माझ्याकडं आली. ती मी छापली नाहीत. जागा नव्हती असं स्वतःला सांगितलं. जागा होती. तिथं मी कविता छापली.

म्हणून मंडळातून दोस्ताला हाकला अशी मागणी झाली तेव्हा मी उठून विरोध केला. हाकलायचं तर दोघांना. त्यानं अर्ज दाबला, मी पत्रं दाबली. त्याचे पंचवीस हजार, माझं अर्धं बिल. त्या रात्री समाजमंदिरात बराच आरडाओरडा झाला. शेवटी ठरलं ते असं.

पंचवीस हजार परत गेले. दोस्तच घेऊन गेला, सोबत आम्ही चौघं. देणारा म्हणाला, माझे नव्हतेच ते, कुणी सांगितलं तुम्हांला? आम्ही चार माणसांदेखत ओट्यावर ठेवले आणि निघालो. त्यानंतर वस्तीतल्या दोन पोरांचं काम सुटलं. कारण विचारलं तर काम कमी आहे म्हणे. कुणीच काही मागितलं नव्हतं, आता कुणीच काही केलेलंही नाही! ठेकेदाराचे पैसे परत करायला मला वर्ष लागेल. त्याचं नाव आणि रक्कम वहीत लिहिली आहे. वही समाजमंदिरात खिळ्याला टांगली आहे, ज्याला वाचायची त्यानं येऊन वाचावी. ती दोन पत्रं या अंकात पान ६ वर आहेत, उशिराबद्दल त्या बायांची माफी मागतो.

रेघ मात्र पक्की झाली. हरकतीची मुदत गेली ती गेली. पुढच्या निवडणुकीपर्यंत भीमनगर दोन तुकड्यांत राहील.

आता शहरातल्या पोरांनो, तुमच्याशी. तुम्ही मुंबईत, पुण्यात, नाशकात, सुरतेत शिकता, नोकऱ्या करता. जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली, मोजणीची तारीख १ मार्च २०२७ धरली आहे, यात जातही मोजणार आहेत. मोजणी झाली की आकडे येतील, आकड्यांमागून रेघा येतील. २०२३ च्या घटनादुरुस्तीनं बायांच्या राखीव जागाही त्याच पुनर्रचनेला बांधल्या. मोठी पेन्सिल टोकदार होतेय. बाँड गेले म्हणून निर्धास्त राहू नका. २०१३ पासून इलेक्टोरल ट्रस्ट आहेत. दहा कंपन्यांचा पैसा एका हौदात ओतायचा आणि हौदातून पक्षांना नळ सोडायचे. नावं छापतात, पण कुणाचं पाणी कुठल्या नळाला गेलं ते कळत नाही. तेव्हा आत्तापासून तीन कामं करा.

पहिलं, आपल्या वस्तीचा नकाशा स्वतः काढा. किती घरं, किती मतं, कुठला नाला, कुठला रस्ता. प्रभाग आखताना रस्ता, नदी, नाला, रूळ यांवरून रेघ जावी आणि दलित-आदिवासी वस्ती शक्यतो तुटू नये, ही सूचना तोंडपाठ करा. आराखडा लागतो तेव्हा हरकतीला मोजके दिवस असतात. त्या दिवसांत नकाशा शिकायला बसलात तर मुदत गेलीच समजा.

दुसरं, हरकत एकट्याच्या हाती देऊ नका. तिघांनी जा, शिक्क्याची पोच घ्या, पोच वस्तीत लावा. माणूस वाईट असतो म्हणून नाही. माणूस गरीब असतो म्हणून.

तिसरं, जयंतीची असो, मोर्च्याची असो, अंकाची असो, वर्गणीची वही उघडी ठेवा. पाच रुपये देणाऱ्या झाडूवाल्या मावशीचं नाव आधी आणि पाच हजार देणाऱ्या साहेबाचं नंतर. जो म्हणेल नाव नको, त्याला हात जोडा आणि चहा पाजून परत पाठवा. असं केलं तर डीजे लहान लागेल, बॅनर लहान लागेल, हा अंकही बत्तीस पानांचा सोळा पानांवर येईल. येऊ द्या. ज्या हातानं आपण दिल्लीला हिशेब विचारतो त्या हातात आपली वही असली पाहिजे.

गाडीची घंटा झाली. मघाची पोरं उठली. त्यांत दोस्तही आहे. संपादकीय वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, माझं नाव लिही, मी घाबरत नाही. मी लिहिलं नाही, कारण त्याचं काम अजून शाबूत आहे आणि घरात खाणारी पाच तोंडं आहेत. पुढच्या हरकतीचा अर्ज घेऊन तोच जाणार आहे. सोबत दोघं असतील, त्यांतला एक मी.

जय भीम.